पाण्याची पाळी विकावी काय?

काही वर्षांपूर्वी पाऊस लवकर आटोपला. त्या साली कार्तिक सरत असता एका सकाळी दोन भाऊबंद आमच्या ओसरीवर आले. दोघेही एकाच देवस्थानचे महाजन. घरे शेजारी, शेते शेजारी. वकिलाच्या दारी भाऊबंद एकत्र येतात ते बहुधा भांडण घेऊनच, म्हणून आम्ही प्रथम तशीच अटकळ बांधली. पण प्रकार वेगळा होता. डोंगरातील झरीचे पाणी पाटाने खाली येते आणि पूर्वापार ठरलेल्या पाळीने सर्वांस मिळते. थोरल्याच्या पाळीवर वायंगण भात होत असे, धाकट्याच्या पाळीवर सुपारीचे कुळागर उभे होते. झर यंदा बारीक होणार हे दोघांस दिसत होते. थोरले म्हणाले, "वकीलसाहेब, मी यंदा वायंगण करीत नाही. माझी पाळी ह्याला द्यावी आणि ह्याने मला त्याचे पैसे द्यावेत, असे आमचे ठरले आहे. कागद करून द्या." धाकट्याने भर घातली की, त्याने कुळागरात ठिबकची नळी घातली आहे, त्यामुळे एक थेंबही वाया जाणार नाही.

आम्हांस ह्यात वावगे दिसले नाही. एक वर्ष भात न केल्याने शेत मरत नाही. सुपारीचे झाड मात्र एकदा वाळले की पुन्हा फळावर येण्यास किती वर्षे लागतात हे कोणी सांगावयास नको. देणारा राजी, घेणारा राजी, झाडे वाचणार. आम्ही कागदाचा मसुदा करावयास घेतला. दुसऱ्या दिवशी देवस्थान समितीतील एक वृद्ध गृहस्थ आले आणि त्यांनी एवढेच विचारले, "ह्या दोघांचा व्यवहार झाला, मग तळीचे काय?" थोरल्यांच्या वायंगणातून जे पाणी बांधाखाली उतरे व जमिनीतून झिरपे, त्यावर देवळाची तळी चैत्रापर्यंत टिकत असे, आणि तळीच्या पाझरावर खालच्या वाड्यातील विहिरी. नळीतून थेंब थेंब मुळाशी जाणारे पाणी तळीकडे येणार नव्हते. दोघांच्या करारात तिसऱ्याचे पाणी परस्पर विकले जात होते, आणि ते विकणाऱ्यासही ठाऊक नव्हते.

त्या एका प्रश्नाने आम्हांस पुष्कळ दिवस विचारात पाडले. ज्याला पाण्याचा उपयोग करण्याचा हक्क आहे त्याने तो हक्क दुसऱ्यास विकावा काय? विकल्याने पाण्याचा अधिक चांगला उपयोग होतो काय? आणि होत असल्यास, त्या चांगल्या उपयोगाच्या बळावर समाजाची जी वाढ होते ती टिकाऊ असते काय? हे तीन प्रश्न एकच आहेत असे समजून बोलण्याची सध्या रीत पडली आहे. ते एक नाहीत, हेच आमचे म्हणणे आहे.

प्रथम त्या मताचा विचार करू, जे आमच्या वाचकांस स्वभावतःच जवळचे वाटेल. पाणी हे देवाचे देणे. त्याचा विक्रय करणे हेच पाप. तहानेल्याला पाणी विकणाऱ्याची आपल्याकडे कधी कोणी प्रतिष्ठा केली नाही. पाणपोई घालणे हा धर्म, असे हे मत आहे. पिण्याच्या पाण्यापुरते आम्ही त्याच्याशी सर्वस्वी सहमत आहोत. परंतु शेतीचे व उद्योगाचे पाणी हा निराळा विषय आहे. तेथे विक्री नाही म्हणून न्याय आहे, असे दिसत नाही. कालव्याच्या मुखाशी ज्याचे शेत तो हवे तितके घेतो आणि शेपटाशी असलेला वाट पाहात बसतो. ह्यात कोणी कोणास काही विकलेले नसते, तरी अन्याय पुरता झालेला असतो. महाराष्ट्रात २००३ ते २०१० ह्या काळात अनेक धरणांतील शेतीसाठी नेमलेले पाणी सरकारी समितीच्या निर्णयाने शहरांकडे व उद्योगांकडे वळविण्यात आले. तेथेही बाजार नव्हता. ज्यांचे पाणी गेले त्यांस कोणी विचारले नाही आणि मोलही दिले नाही. शिवाय ज्यास आपण बंदी घालू पाहतो तो व्यापार शहरोशहरी टँकरच्या रूपाने चालूच आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखाली अनिश्चित मार्गाने वाहणारे पाणी जमीनमालकास उपसून घेण्याची मोकळीक मानली. त्याच मोकळिकीवर विहीरवाला दिवसाकाठी टँकर भरून देतो आणि शेजाऱ्याची विहीर आटते. तेव्हा 'व्यापार नको' एवढे म्हटल्याने व्यापार थांबत नाही. तो फक्त नियमांवाचून होतो.

आता व्यापाराच्या बाजूने जे खरोखर म्हणता येईल ते पाहू. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील मरे आणि डार्लिंग ह्या नद्यांच्या खोऱ्याइतके बोधप्रद उदाहरण दुसरे नाही, कारण पाण्याच्या हक्कांचा बाजार तेथल्याइतका विस्ताराने क्वचितच कोठे चालला असेल. हे खोरे दहा लाख चौरस किलोमीटरांहून मोठे, त्या खंडाच्या सुमारे एक सप्तमांश आहे. तेथे पूर्वी पाण्याचा परवाना जमिनीस चिकटलेला असे; जमीन विकली तर पाणी गेले. १९८० नंतरच्या काळात पाणी हळूहळू जमिनीपासून सुटे करण्यात आले, आणि १९९४ व २००४ साली केंद्र व राज्ये ह्यांच्यात झालेल्या करारांनी ही व्यवस्था पक्की झाली. ह्या बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एक, कायमचा हक्क, म्हणजे खोऱ्यातील उपलब्ध पाण्यातला हिस्सा. आणि दुसरी, त्या हिश्श्यापोटी त्या वर्षी प्रत्यक्ष पदरात पडणारे पाणी. पाऊस कमी झाला की प्रत्येक हिश्श्यास त्या वर्षी कमी पाणी मिळते. आमच्या भाषेत बोलावयाचे तर पाळी ही एक गोष्ट आणि त्या हंगामात त्या पाळीस येणारी धार ही दुसरी.

१९९७ च्या सुमारास तेथे एक दुष्काळ पडू लागला, तो २००९ पर्यंत हटला नाही. त्या काळात ह्या बाजाराची कसोटी लागली. भात पिकविणाऱ्यांनी पाहिले की, थोड्या पाण्यात भात करण्यापेक्षा ते पाणी विकल्यास अधिक मिळते. फळबागा व द्राक्षमळे ह्यांच्या मालकांस एक वर्षही पाण्यावाचून काढणे शक्य नव्हते. २००७-०८ साली भाताचे पीक जवळजवळ नाहीसे झाले, पण ज्या झाडांस वाढावयास वर्षानुवर्षे लागली होती ती पुष्कळ अंशी वाचली, आणि भातवाल्यासही वर्ष काढण्यापुरता पैसा मिळाला. आमच्या ओसरीवर आलेल्या दोघा भाऊबंदांनी जे आपल्या अकलेने ठरविले होते, तेच तेथे हजारो शेतकऱ्यांनी केले. कोणत्या शेतास पाणी द्यावे हे सरकारी अधिकाऱ्याने खुर्चीवर बसून ठरविले असते तर ते इतक्या लवकर व इतक्या कमी भांडणात ठरले नसते, हे मान्य केले पाहिजे. ज्या वस्तूस मोल नाही तिची काटकसर माणूस क्वचितच करतो. विकता येण्याजोगे पाणी पाटातून फुकट जाताना पाहिले की मालकाचा जीव कळवळतो. काटकसरीस उपदेश पुरत नाही, निमित्त लागते, आणि बाजार ते निमित्त पुरवितो.

आणखी एक गोष्ट बाजाराच्या जमेस धरावी लागेल. २००७ च्या कायद्याने तेथे नदीसाठी पाणी धारण करणारा एक सरकारी अधिकारी नेमला गेला, आणि सरकारने राजीखुशीने विकणाऱ्यांकडून हक्क विकत घेऊन ते नदीच्या नावे ठेविले. २०१२ च्या आराखड्यात वर्षाला २७५० अब्ज लिटर, म्हणजे आपल्याकडील मोजणीने सुमारे ९७ अब्ज घनफूट पाणी उपशातून कमी करून नदीस परत करण्याचे ठरले. बाजार नसता तर हे पाणी हिसकावून घ्यावे लागले असते.

इथवर ऐकणाऱ्यास वाटेल की प्रश्न सुटला. पण ह्याच खोऱ्याच्या कथेचा उत्तरार्ध ऐकल्यावाचून न्याय देणे म्हणजे एका पक्षाचीच जबानी घेऊन निकाल देण्यासारखे होय. पहिली गोष्ट अशी की, १९९५ साली तेथे उपशावर मर्यादा घालण्यात आली ती बाजाराने घातली नाही. राज्यांनी एकत्र बसून, १९९३-९४ च्या सुमारास जितके पाणी वापरले जात होते त्यापुढे जावयाचे नाही, असे ठरविले म्हणून ती पडली. तोवर पुष्कळ परवाने नुसते कागदावर पडून होते. त्यांचे मालक पाणी घेतच नव्हते किंवा थोडेच घेत होते. अशा निजलेल्या हक्कांस बाजारभाव आला तसे ते जागे झाले. जे पाणी कोणी वापरत नव्हते म्हणून निमूटपणे नदीत राहात होते, ते विकले जाऊन शेतात गेले. व्यापाराने वाटप सुधारले, आणि त्याच हाताने एकूण वापर वाढविला.

दुसरी गोष्ट तळीची. काटकसरीने वाचलेले पाणी सर्वच वाचलेले असते असे नाही. पाटातून सोडलेल्या पाण्याचा काही अंश पीक पिते, आणि उरलेला जमिनीत मुरून, ओढ्यास मिळून, खालच्या कोणाच्या तरी उपयोगी पडतो. वरचा शेतकरी त्यास नासाडी म्हणतो. खालच्याचा तो आधार असतो. वरच्याने नळी घालून ही 'नासाडी' थांबविली, आणि वाचलेले पाणी विकले किंवा त्यावर आणखी एक मळा लावला, तर हिशेबात काटकसर दिसते आणि खाली नदी आटते. स्टॅन्ली जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच कोळशाविषयी हे दाखवून दिले होते की, यंत्रे काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळत नाही. तो स्वस्त पडू लागल्याने उलट अधिक जळतो. पाण्याचेही तसेच आहे. दर थेंबामागे उत्पन्न वाढणे ही कार्यक्षमता. पण थेंबांची संख्या कोणी बांधून दिली नसेल, तर त्या कार्यक्षमतेवर उभी राहिलेली वाढ ही पायाचा दगड काढून वरचा मजला चढविण्यासारखी असते.

तिसरी गोष्ट त्यांची, ज्यांना बाजारात जागाच नसते. डार्लिंगच्या काठी मेनिंडी येथे डिसेंबर २०१८ व जानेवारी २०१९ ह्या दोन महिन्यांत लाखो मासे मरून पाण्यावर तरंगले. दुष्काळ होताच, पण तेथील विज्ञान अकादमीच्या चौकशीने, नदीत पुरेसे पाणीच उरले नव्हते, आणि ह्यास वरच्या बाजूचा उपसाही कारण होता, असे सांगितले. त्या खोऱ्यातील आदिवासी जमातींचा नदीशी संबंध सहस्रावधी वर्षांचा. पण पाण्याचे हक्क वाटले गेले तेव्हा त्यांची गणना नव्हती, म्हणून त्या हक्कांचा बाजार सुरू झाला तेव्हाही त्यांच्या हाती शेकडा एक इतकेही हक्क नव्हते. बाजार अन्याय निर्माण करतोच असे नाही, पण प्रारंभीच्या वाटपातला अन्याय तो मोठ्या निष्ठेने पुढे चालवितो. २०२१ साली तेथील स्पर्धा आयोगाने ह्या बाजाराची चौकशी पुरी केली, तेव्हा दलालांवर पुरेसे नियम नाहीत, देखरेख करणारी एक अशी संस्था नाही, आणि व्यवहाराचे नियम नदीच्या प्रत्यक्ष प्रवाहाशी जुळत नाहीत, असे दोष दिसून आले. कागदावर पाणी एका गावाहून दुसऱ्या गावी क्षणात जाते. नदीस मात्र आपल्या पात्रातूनच जावे लागते.

मर्यादा न घालता बाजार मांडल्यास काय होते हे चिली देशाने दाखविले. तेथे १९८१ च्या जलसंहितेने पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे करून, फुकट व कायमचे वाटले. वापरण्याची सक्ती नव्हती, आणि राज्यघटनेने त्यांस मालमत्तेचे संरक्षण दिले. पेटोर्का नावाच्या खोऱ्यात डोंगरउतारांवर परदेशी निर्यातीसाठी आवाकाडोच्या बागा हिरव्यागार उभ्या राहिल्या आणि त्याच खोऱ्यातील खेड्यांस पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागले. निर्यात वाढली, देशाचे उत्पन्न वाढले. पुस्तकी व्याख्येने ह्यास वाढच म्हणावे लागेल. पुढे २०२२ साली कायदा सुधारून पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम देण्यात आला आणि नव्या हक्कांस मुदत घालण्यात आली. जो क्रम पहिल्याच दिवशी ठरावयाचा तो ठरण्यास चाळीस वर्षे लागली.

मग आमच्यासारख्या कायद्याच्या माणसास असे विचारावेसे वाटते की, पाण्याचा हक्क ही आहे तरी कोणत्या जातीची वस्तू? घरासारखी की वाटेवरून जाण्याच्या हक्कासारखी? अनेक देशांतील न्यायालयांनी ह्याचे उत्तर एकाच दिशेने दिले आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली मोनो सरोवराच्या खटल्यात असे ठरविले की, लॉस एंजेलिस शहरास दिलेले पाण्याचे हक्कही सार्वजनिक विश्वस्ततेच्या अधीन आहेत, आणि त्यांचा फेरविचार होऊ शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मेहता विरुद्ध कमलनाथ ह्या खटल्यात, बियास नदीच्या पात्राशी खेळ झाला असता, राज्यसत्ता ही अशा नैसर्गिक संपत्तीची मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व आपल्या कायद्यात रोविले. ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने २००९ साली, भूजलाचे परवाने कमी केले म्हणून भरपाई मागणाऱ्यांस, ह्यात सरकारने तुमची मालमत्ता संपादन केलेली नाही, असे उत्तर दिले. महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानेही पाण्याचा हक्क हा उपभोगाचाच हक्क मानला आहे, आणि हंगामापुरता वा वर्षापुरता, प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली, त्याचा देवघेवीने व्यवहार होऊ शकेल अशी तरतूद केली आहे. हक्क उपभोगाचा आणि व्यवहार मुदतीचा, ह्या दोन शब्दांत पुष्कळ शहाणपण आहे. ते अमलात येईल तेवढेच खरे, हे सांगावयास नको.

आमच्या वाचकांस हे तत्त्व परके वाटू नये. देवस्थानचा कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांस ते घरचेच आहे. देवाच्या नावाने जमीन असते. देव हा कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि व्यवस्थापक हा अज्ञान मुलाच्या पालकासारखा. प्रिव्ही कौन्सिलने १८७५ साली प्रसन्नकुमारी देवी विरुद्ध गुलाबचंद ह्या खटल्यात व्यवस्थापकाच्या अधिकाराची हीच उपमा दिली. त्याने त्या जमिनीतील यंदाचे नारळ विकावेत, भात विकावे, एका हंगामाचा खंड घ्यावा. त्यास कोणी दोष देणार नाही, उलट नारळ कुजविले तर दोष देईल. पण देवाची खरी गरज वा हित असल्यावाचून त्याने मूळ जमीन विकली तर तो व्यवहार टिकत नाही. फळ विकण्याचा अधिकार आणि मूळ विकण्याचा अधिकार ह्यांतील हा भेद आपल्या पूर्वजांनी नीट जाणला होता. आम्ही एवढेच म्हणतो की, नदी हीही अशीच बोलता न येणारी मालकीण आहे. तिच्या एका हंगामाच्या धारेची देवघेव करावी; पण तिचे नदीपण विकण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही, मग तो शेतकरी असो, शहर असो वा सरकार असो.

कोणी विचारील की, हंगामाची धार विकता विकताच मूळ विकले जाते त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर क्रमात आहे. आपल्या घरी सणाच्या दिवशी पाने वाढली जातात तेव्हा प्रथम नैवेद्य जातो, मग गोग्रास, मग अतिथी, आणि मग घरचे बसतात. घरच्यांनी आपसांत कोणी कोणास आपल्या पानातील लाडू दिला तर त्यात काही बिघडत नाही. पण तो व्यवहार नैवेद्यानंतरचा असतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांस न देता जो उपभोगतो त्यास चोर म्हटले आहे. पाण्याच्या बाबतीत नदीचा वाटा हा नैवेद्य, पिण्याचे पाणी हे अतिथीचे पान, आणि खालच्याचा पाझर हा गोग्रास. हे तीन वाटे आधी काढून ठेविल्यावर जे उरते ते घरच्यांचे; त्याची देवघेव त्यांनी खुशाल करावी, आणि बाजाराच्या शहाणपणाचा तेथे पुरता लाभ घ्यावा. मर्यादा ठरविणे हे धर्माचे काम, मर्यादेच्या आत वाटप करणे हे बाजाराचे. पहिले काम दुसऱ्यावर सोपविले की घात होतो.

आणि आधीचे वाटप न्याय्य असले पाहिजे, हेही तितकेच महत्त्वाचे; नाही तर ज्याच्यापाशी काही नाही तो बाजारात रिकाम्या हाताने उभा राहतो. ह्याबाबत धडा घ्यावयास परदेशी जावयास नको. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी जी पाणी पंचायत उभारली, तिच्यात पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येने दिला गेला. माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, आणि कुटुंबास अडीच एकरांची मर्यादा. भूमिहीनासही हक्क होता. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नसे, आणि उसास पाणी मिळत नसे. म्हणजे पाणी जमिनीपासून सोडविण्याची जी गोष्ट ऑस्ट्रेलियात बाजारासाठी झाली, तीच येथे समतेसाठी झाली. एकच अवजार दोन हातांत दोन कामे करते. तेव्हा अवजारास नावे न ठेवता हात कोणाचा आहे हे पाहावे.

आता पुन्हा आमच्या ओसरीवर येऊ. आम्ही दोघा भाऊबंदांस व समितीच्या त्या वृद्ध गृहस्थांस एकत्र बसविले. मसुद्यात तीन अटी घातल्या. हा व्यवहार येत्या हंगामापुरताच. पाळी थोरल्यांचीच राहील. थोरल्यांच्या पाळीतील प्रत्येक तिसऱ्या रात्रीचे पाणी नळीत न जाता पूर्वीप्रमाणे शेतातून तळीकडे सोडले जाईल. आणि खालच्या वाड्यातील विहिरी तळाशी गेल्या तर उरलेली पाळी त्यांच्याकडे वळेल, मग कुळागराचे काहीही होवो. धाकटा म्हणाला, "एवढे पाणी कमी होणार असेल तर मी ठरलेले पैसे देणार नाही." थोरले म्हणाले, "मग मला काय उरले?" दोघांचेही म्हणणे बरोबर होते. पाण्याचा भाव उतरला, कारण जे विकले जात होते त्यात दुसऱ्याचे पाणी मिसळलेले होते. ते वगळल्यावर जो भाव राहिला तोच खरा. थोडी कुरकूर होऊन दोघांनी सह्या केल्या.

त्या साली तळी भरलेली राहिली नाही; वैशाखात तिच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या, पण ती आटलीही नाही. कुळागरातली काही झाडे गेली. थोरल्यांस अपेक्षेपेक्षा कमी मिळाले आणि ते आम्हांस पुढे वर्षभर देवळात भेटले की प्रथम त्याचीच आठवण देत. कोणाचेही पूर्ण समाधान झाले नाही, आणि कोणाचाही सर्वनाश झाला नाही. टंचाईच्या वर्षी न्यायाकडून ह्याहून अधिक मागू नये, असे आमचे मत झाले आहे.

पाण्याचा व्यापार हा चांगला की वाईट, असे आम्हांस कोणी आता विचारले तर आम्ही त्या वृद्ध गृहस्थांचाच प्रश्न त्यांस परत करतो. जेथे म्हणून पाण्याचा सौदा होत असेल, मग तो पाटाच्या पाळीचा असो, धरणाच्या कोट्याचा असो वा टँकरच्या फेरीचा असो, तेथे सौदा करणारे दोघे हजर असतातच. तिसऱ्याची चौकशी कोणी केली आहे काय, एवढे पाहावे. ती झाली असेल तर विकणाऱ्याने खुशाल विकावे आणि घेणाऱ्याने घ्यावे. झाली नसेल तर तो सौदा कितीही काटकसरीचा दिसो, त्यात कोणाची तरी तळी गेलेली असते.